देल्मार जेवायला बसला

देल्मार ब्रुमचं पंक्चरचं दुकान हमरस्त्याला लागून आहे. टायर निघतो, ठिगळ बसतं, हवा भरली जाते, गिऱ्हाईक निघून जातं. देल्मारकडे मान वर करून बघायची गरज कुणालाच पडत नाही. सोमवार ते शनिवार तो म्हणजे काळ्या हातांचा एक गप्प माणूस. पण रविवारी सकाळी तो घरच्या गॅरेजमधली जुनी गाडी ढकलत रस्त्यावर आणतो, फरशी धुतो, मागच्या भिंतीतल्या विटांच्या चुलीत कोळसा रचतो, आणि तिथून पुढे संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत त्याच्याइतका मोठा माणूस दुसरा नसतो.

गॅरेज गाडीसाठी बांधतात हा बाहेरच्या लोकांचा गैरसमज. आमच्याकडे दक्षिणेत नवं जोडपं घर बघायला जातं तेव्हा बायको खिडक्या बघते, न्हाणीघर बघते, शेजार बघते. नवरा सरळ गॅरेजात जातो, चुलीत डोकं घालून वर धुराड्याकडे बघतो आणि घर चांगलं की वाईट ते सांगतो. देल्मारने इव्होनीला हे घर असंच घेऊन दिलं. छप्पर गळत होतं, पण धूर मात्र झकास ओढला जायचा.

या चुलीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, तरी मोडायची कुणाची छाती नाही. आग ज्याची, सुरी त्याची. दुसऱ्याच्या आगीला हात लावायचा नाही, जीभ मात्र हवी तेवढी लावायची. म्हणून देल्मार एकटा मांसाच्या सळया फिरवत असतो आणि पाच-सहा पुरुष हातात बियर घेऊन त्याच्याभोवती उभे राहून सांगत असतात, कोळसा कमी आहे, कोळसा जास्त आहे, मीठ आधी, मीठ नंतर. बायका पलीकडे लांब टेबलाशी बसतात. तिथे बटाट्याची मायोनेझी, म्हणजे थंड कोशिंबीर असते, भात असतो, कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ असतं, कांदा-टोमॅटो असतो. हे सगळं इव्होनी शनिवारी रात्रीपासून करत असते, पण त्याला कुणी स्वयंपाक म्हणत नाही. रविवारी आमच्याकडे स्वयंपाक पुरुष करतात.

आणि मांस भाजणारा कधी बसत नाही. तो उभ्याने भाजतो, उभ्याने कापतो, आणि कापता कापता सळईवरची एखादी कुरकुरीत कड सुरीच्या टोकावर घेऊन तोंडात टाकतो. तेच त्याचं जेवण. ती कड मिठाची, चरबीची, धुराची असते आणि जिभेवर ठेवताच विरघळते. देल्मारने वर्षानुवर्षं या कडा खाल्ल्या होत्या आणि आपला हात किती चांगला आहे याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली की तो कपाळ पुसत टेबलाशी यायचा. तिथे हाडं उरलेली असायची, मायोनेझीच्या भांड्याला चिकटलेला चमचाभर बटाटा असायचा, आणि टाळ्या असायच्या. "भाजणाऱ्यासाठी टाळ्या होऊन जाऊ द्या," असं कुणीतरी म्हणायचं, सगळे कडकडून वाजवायचे, आणि देल्मार रिवाजाप्रमाणे मान तिरकी करून म्हणायचा, "मांसच चांगलं होतं, मी काही केलं नाही." हे वाक्य म्हणताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

त्याची मुलगी ज्युसारा दर वाढदिवसाला त्याला एक नवा एप्रन देते. पहिल्यावर लिहिलं होतं 'गल्लीतला सर्वोत्तम'. मग 'शहरातला' आला, मग 'राज्यातला', मग 'देशातला'. गेल्या वर्षी 'जगातला' येऊन गेला, त्यामुळे यंदा पोरगी विचारात पडली होती.

देल्मारच्या मोठेपणाला एकच काटा होता, तो म्हणजे इव्होनीचा धाकटा भाऊ नेरेउ. नेरेउ नगरपालिकेच्या पाण्याचे मीटर वाचत फिरतो, म्हणजे दुसऱ्यांच्या घरात डोकावणं हा त्याचा धंदाच आहे. तो दर रविवारी सगळ्यांत स्वस्त बियर घेऊन येतो, ती फ्रीजच्या तळाशी खोचतो आणि देल्मारची चांगली बियर उघडतो. यात त्याचा दोष नाही, आमच्याकडे सगळेच असं करतात आणि यजमानही दुसऱ्याकडे गेला की हेच करतो. पण नेरेउ बियर उघडून चुलीपाशी यायचा आणि म्हणायचा, "दाजी, मी असतो ना, तर बरगडी जरा वर घेतली असती."

"तू असतास तर," देल्मार म्हणायचा.

"सांगायचं काम केलं. आग तुमची आहे."

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा. शेळी कशी हाकावी ते सगळं ठाऊक, पण खाली उतरायचं नाव नाही.

आणखी एक प्राणी या घरात होता, सार्जेंतू नावाचा कुत्रा. तो इतका जाड होता की गॅरेजच्या पायरीवर चढताना मध्ये विश्रांती घ्यायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई इव्होनीला दर खेपेला बोलायच्या.

"बाई, याला घालता तरी काय?"

"वाटीने मोजून घालते," इव्होनी म्हणायची. "तुमच्या कागदावर आहे तेवढंच."

"मग हा वारा पिऊन फुगतो का?"

इव्होनी सार्जेंतूचा पट्टा एक भोक सैल करायची. देल्मार म्हणायचा, काही कुत्र्यांची प्रकृतीच तशी असते.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना पलीकडच्या गल्लीतला आदिलियो वारला. आदिलियोसुद्धा मोठा भाजणारा, देल्मारच्या तोडीचा, निदान आदिलियो तसं म्हणायचा. अंत्यदर्शनाला सगळे जमले होते, कॉफी फिरत होती, आणि लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते. एकजण म्हणाला, "काय माणूस होता. आयुष्यात एका रविवारी बसून जेवला नाही." दुसरा म्हणाला, "एका नाही." सगळ्यांनी मोठ्या आदराने माना डोलावल्या. देल्मारनेही डोलावली. त्याने शवपेटीत आडव्या पडलेल्या आदिलियोकडे बघितलं. बिचारा पहिल्यांदाच आरामात होता.

घरी येताना त्याचे गुडघे दुखत होते. पुढच्या महिन्यात त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवस नेमका रविवारी येत होता, आणि आमच्याकडे ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच मांस भाजायचं असतं. दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसालाही त्यानेच भाजायचं असतं, तो भाग वेगळा.

"इव्होनी," तो रात्री चपला काढताना म्हणाला, "वाढदिवसाला मला जेवायला बसायचंय."

"म्हणजे?"

"टेबलाशी. खुर्चीवर. ताट पुढ्यात, ताटात गरम बरगडी, हातात काटा. सगळ्यांबरोबर. माझी बरगडी मी एकदा तरी बसून खाणार."

इव्होनी भांडी पुसत होती. तिचा हात थांबला. "कशाला? तू उभाच बरा दिसतोस."

"गुडघे दुखतात."

"मग मी तुला उंच स्टूल आणून देते चुलीपाशी. ताट पण तिथेच देते."

"स्टूल नको. टेबल."

"देल्मार, टेबलाशी काय ठेवलंय? सगळ्या बायका. मावश्या-आत्या मिळून आजारपणं सांगतात. तुला कंटाळा येईल."

"येऊ दे. एकदा कंटाळून बघतो."

इव्होनीने बराच वेळ ती एकच बशी पुसली. शेवटी म्हणाली, "आणि आग कोण बघणार?"

"नेरेउ."

तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. देल्मारला वाटलं, भावाच्या काळजीने काढला असेल.

वाढदिवसाच्या दिवशी तो उजाडायच्या आत उठला. आग नेरेउला द्यायची होती, पण बरगडी नेरेउला द्यायची नव्हती. बरगडीला अख्खी सकाळ लागते. तिला खडं मीठ चोळून सळईवर चढवणं हे त्याने स्वतः केलं, नेहमी करायचा तसंच. नेहमी करायचा तसंच म्हणजे कोळसा भरपूर, आग उंच, आणि बरगडी निखाऱ्यांच्या जवळ, कारण देल्मारला ज्वाळा आवडायच्या. पाहुणे यायला लागले की चुलीत काहीतरी भडकलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर भाजणारा झोपलाय असं वाटतं. चरबी टपकली, आग फुत्कारली, बरगडीला सोनेरी रंग चढला. देल्मारने एक कड कापून सुरीच्या टोकावर चाखली आणि डोळे मिटले. दुपारी हीच आपल्या ताटात असणार, बसल्या जागी, अख्खी.

हळूहळू मंडळी जमली. पुरुष चुलीभोवती गोल उभे राहिले, शिमारांव नावाच्या कडू हिरव्या काढ्याने भरलेला पोकळ भोपळा हातोहात फिरू लागला. ज्युसाराने नवा एप्रन दिला. त्यावर 'साठीतही सर्वोत्तम' असं होतं. पोरीने बरोबर वाट काढली होती. टेबलाच्या बाजूला बायकांनी खुर्च्या ओढल्या. टेबलाच्या टोकाची यजमानाची खुर्ची कायम रिकामी असते, म्हणून तिच्यावर सगळ्यांच्या पर्सा ठेवायची पद्धत पडली होती.

नेरेउ आला, फ्रीजपाशी जाऊन त्याने आपला स्वस्त-महाग असा नेहमीचा व्यवहार उरकला, आणि चुलीपाशी येऊन त्याने बरगडीकडे बघितलं.

"दाजी, साठ झाली म्हणून सांगतोय, राग मानू नका. मी असतो ना, तर जरा वर घेतली असती."

देल्मार याच वाक्याची वाट बघत होता. त्याने सुरी उलटी धरली आणि मूठ नेरेउच्या पुढे केली. "घे."

"काय घे?"

"सुरी घे. सळई घे. वर घे, खाली घे, काय पाहिजे ते कर. आज आग तुझी."

भोपळा फिरायचा थांबला. गोलातले सगळे जण आधी सुरीकडे आणि मग नेरेउकडे बघू लागले. घोडामैदान इतकं जवळ येईल असं नेरेउला आयुष्यात वाटलं नव्हतं.

"अहो, काय चेष्टा करता. वाढदिवस तुमचा."

"म्हणूनच."

"माझा खांदा धरलाय, दाजी. मीटरची झाकणं उचलून उचलून."

"बरगडी झाकणापेक्षा हलकी आहे."

"चष्म्यावर वाफ येते मला."

"काढून ठेव."

"चष्मा काढला तर दिसत नाही."

"इतकी वर्षं लांबून दिसत होतं, आज जवळून दिसेल," देल्मार म्हणाला. गोलातला एकजण खोकला आणि त्याने ते हसू असल्याचं लपवलं. नेरेउने मागे बघितलं, पण मागे भिंत होती. सुरी हातात घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही. तरी शेवटचा उपाय म्हणून तो म्हणाला, "सुरी अशी फुकट घेऊ नये, नातं तुटतं. माझ्याकडे नाणं नाहीये." आमच्याकडे सुरी घेताना समोरच्याच्या हातावर एक नाणं ठेवावं लागतं, हे खरं आहे. लगेच गोलातल्या चौघांनी खिशात हात घालून नेरेउपुढे नाणी धरली. इतकी तत्परता त्यांनी कधी कोळसा आणायला दाखवली नव्हती.

देल्मारने एप्रन काढून मेव्हण्याच्या गळ्यात घातला, नाणं खिशात टाकलं आणि टेबलाकडे निघाला. गॅरेज ते केवढं, पण चुलीकडून टेबलाकडे रिकाम्या हाताने जायची त्याला सवय नव्हती. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून त्याने ते मागे बांधले. बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी घाईघाईने खुर्चीवरच्या पर्सा उचलल्या. देल्मार बसला.

बसल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर डोळ्यांत पाणी आलं. समोर स्वच्छ ताट होतं, काटा होता, घडी घातलेला कागदी रुमाल होता. मागून नेरेउचं खोकणं आणि पाच जणांचे सल्ले ऐकू येत होते, कोळसा कमी आहे, कोळसा जास्त आहे. हे आपल्याला नाही, दुसऱ्या कुणालातरी सांगताहेत, यातलं सुख त्याला माहीतच नव्हतं.

त्याच्या उजव्या हाताला लेओकाद्या मावशी बसल्या होत्या. मावशी इव्होनीच्या, वय नव्वदीला टेकलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख सरकारी दवाखाना देत होता आणि त्या स्वतःच पुढे ढकलत होत्या, आता बघण्यासारखं काय उरलंय म्हणून. शेजारी कुणीतरी पुरुष येऊन बसला एवढं त्यांना कळलं. देल्मार असणं शक्यच नव्हतं. देल्मार चुलीपाशी असतो. त्याचा एप्रन तिकडे धुरात हलताना त्यांना अंधुक दिसतही होता.

"नवीन आहेस का रे बाळा इथे?" मावशींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

देल्मारला गंमत वाटली. "हो, या खुर्चीवर नवीनच."

"मग ऐक. मायोनेझी आधी वाढून घे, भरपूर घे. ती इव्होनीच्या हातची आहे, तिच्यावरच दिवस काढायचाय. भात घे. मांस आलं की नको म्हणायचं नाही. एक तुकडा घ्यायचा, तोंडात घालायचा, सगळ्यांना दिसेल असा चावायचा. मग रुमाल तोंडाला लावायचा, आणि रुमाल मांडीवर, आणि मांडीवरून खाली. खाली सार्जेंतू आहे."

"मावशी," टेबलाच्या पलीकडून इव्होनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"थांब गं, नव्या माणसाला सांगायला नको? गेल्या वर्षी तो पाद्री आला होता, त्याला कुणी सांगितलं नाही. बिचाऱ्याचा दात गेला." मावशी देल्मारकडे वळल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. "आणि टाळ्या मात्र जोरात वाजवायच्या. फार चांगला माणूस आहे रे. आठवडाभर टायर बदलतो. त्याच्याकडे हे एवढंच आहे."

देल्मार हसला नाही. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने इव्होनीकडे बघितलं, तर ती मिठाच्या भांड्याचं झाकण उघडत होती आणि लावत होती. ज्युसारा फोनमध्ये बघत होती आणि फोन बंद होता.

तेवढ्यात नेरेउ बरगडीची सळई घेऊन आला. त्याची एक भुवई जळाली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी छाती पुढे आली होती. त्याने पहिला तुकडा दाजींच्या ताटात कापून ठेवला. मोठा, हाडाला धरून, सोनेरी. वाफा येत होत्या. देल्मारने काटा रोवला आणि सुरी चालवली. सुरी वरची कड पार करून गेली आणि थांबली. त्याने जोर दिला. टेबल हललं, मांस नाही. शेवटी कसाबसा एक तुकडा निघाला, तो त्याने तोंडात घातला आणि चावू लागला.

तो चावत राहिला. कडेचं मीठ आणि धूर जिभेवर आले आणि गेले, आणि मागे जे राहिलं ते संपेना. रबराशी त्याचा आयुष्यभराचा संबंध होता, तेव्हा उपमा शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. एकदा वाटलं, नेरेउने बिघडवली. फार बरं वाटलं त्या विचाराने. साल्याने शेवटच्या घटकेला वर घेतली असणार. तो कान टवकारून बसला, आता कुणीतरी म्हणेल, आज काही जमलं नाही बुवा. पण शेजारी मावशींनीही एक तुकडा तोंडात घातला होता, आणि बराच वेळ जबडा हलवून त्या शांतपणे म्हणाल्या, "नेहमीसारखीच झालीय."

मग देल्मारने टेबलाकडे नीट बघितलं. चुलीपाशी उभं राहून त्याला इतकी वर्षं फक्त पाठी दिसत आल्या होत्या. आज त्याला तोंडं दिसत होती, आणि हात दिसत होते. रुमाल तोंडाशी जात होता, रुमाल मांडीवर येत होता, मांडीवरून खाली जात होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणाचं बोलणं थांबत नव्हतं, इतका सगळ्यांचा हात बसलेला होता. टेबलाखालून सार्जेंतू एका गुडघ्याकडून दुसऱ्या गुडघ्याकडे वसुलीला निघाल्यासारखा फिरत होता. इव्होनीचा हातही खाली गेला. वर येताना तिची नजर नवऱ्याच्या नजरेला भिडली आणि ती लाल झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला असं लाल झालेलं त्याने फार कमी वेळा बघितलं होतं.

त्याला भयंकर वाईट वाटलं. राग यायला पाहिजे होता, पण राग कुणाचा करायचा? कुणी त्याला फसवलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, कशी झालीय, आणि त्यांनी सांगितलं होतं, छान. तो कपाळाचा घाम पुसत, सुरी हातात घेऊन विचारायचा, तेव्हा दुसरं काय सांगणार होते? मायेच्या माणसांनी मूग गिळले होते आणि मांस कुत्र्याला घातलं होतं. डॉक्टरीणबाईंचं सगळं खरं होतं, वारा पिऊन कुणी फुगत नाही.

सार्जेंतू त्याच्या गुडघ्याशी आला. या खुर्चीवर माणूस असल्याचं त्यालाही नवल वाटलं असावं, पण त्याने आशा सोडली नाही. देल्मारने रुमाल तोंडाला लावला. मग रुमाल मांडीवर आणला. पहिल्या खेपेच्या मानाने त्याला ते बरंच जमलं.

नेमकं तेव्हाच शेजारचा कुणीतरी उभा राहिला आणि म्हणाला, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. दर रविवारी होतो तसाच, तितकाच लांब, एकदम सुरू होणारा आणि एकदम थांबणारा. देल्मार पहिल्यांदाच तो टेबलाच्या बाजूने ऐकत होता. चुलीपाशी नेरेउचा चेहरा फुलला होता. पण मग त्याला आठवलं की या बरगडीचं टेबलाखाली काय होतं, आणि तो माणूस म्हणून मोठा नसला तरी हुशार आहे. त्याने सळई देल्मारकडे रोखली.

"छे, छे. बरगडी दाजींचीच. पहाटे त्यांनीच चढवली, मी नुसती उचलली. टाळ्या त्यांना."

सगळ्यांच्या माना वळल्या आणि टाळ्या पुन्हा वाजल्या. "बोला, बोला," कुणीतरी म्हणालं. देल्मारला उभं राहावं लागलं. खाली त्याच्या दोन पायांच्या मध्ये सार्जेंतू त्याचीच बरगडी मन लावून खात होता, त्याचा आवाज येत होता. देल्मारने रिवाजाप्रमाणे मान तिरकी केली.

"मांस चांगलंच होतं," तो म्हणाला. पुढचे शब्द तोंडात तयार होते, इतक्या वेळा म्हटलेले. पण ते बाहेर येईनात. त्याने ताटाकडे बघितलं, इव्होनीकडे बघितलं. "मांस चांगलंच होतं. त्याचं जे काही झालं, ते मी केलं. इतकी वर्षं."

कुणाला हसावं की काय करावं ते कळेना. नेरेउने सळई हळूच खाली ठेवली. लेओकाद्या मावशींनी मान वर केली. मघाच्या दोन शब्दांवरून त्यांनी ओळखलं नव्हतं, पण दर रविवारचं हे वाक्य कुणाचं ते त्यांना पाठ होतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा तर देल्मार. मग तिकडे चुलीपाशी कोण आहे?"

"मी, मावशी. नेरेउ."

"तरीच म्हटलं, आज एवढं खोकतंय कोण." मावशींनी देल्मारचं मनगट पुन्हा धरलं. जे बोलून बसल्या त्याची त्यांना लाज वाटली असेल, पण नव्वदीला माणूस लाजेत वेळ घालवत नाही. "मग गप्प काय बसलाय सगळे? वाजवा की टाळ्या. पहिल्यांदाच खरं बोललाय तो."

टाळ्या वाजल्या. पण या टाळ्यांची कुणाची तालीम झालेली नव्हती. आधी मावशींनी एकट्यांनीच वाजवल्या, मग ज्युसाराने, मग इव्होनीने, मग बाकीचे अडखळत आले. कुणी लवकर थांबलं, कुणी नंतर एकटंच वाजवत राहिलं. देल्मारला हातांचं काय करावं ते पुन्हा कळेना. तो खाली बसला.

इव्होनीने त्याचं ताट ओढून घेतलं, उरलेली बरगडी टेबलाखाली न लपवता सरळ खाली सरकवली, आणि मोठ्या भांड्यातून मायोनेझीचे तीन चमचे घालून ताट पुढे ठेवलं. देल्मारने ती कधी अशी खाल्लीच नव्हती. त्याच्या वाट्याला कायम भांड्याला चिकटलेलं यायचं. बटाटा मऊ होता पण मोडला नव्हता, अंडं होतं, आंबट सफरचंदाचा बारीक तुकडा मध्येच दाताखाली येत होता. त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि मग खाली मान घालून खातच सुटला.

"हे असं होतं?" त्याने विचारलं. "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग याला कधी कुणी टाळ्या कशा वाजवल्या नाहीत?"

"बटाट्याला कोण टाळ्या वाजवतं, देल्मार? खा गुपचूप."

त्याने ताट पुसून खाल्लं आणि आणखी मागितली. सार्जेंतू बराच वेळ त्याच्या गुडघ्याला नाक लावून बसला होता, पण त्या ताटातलं खाली काहीच आलं नाही.